तपासणीआधीचं पथ्य

गेल्या महिन्यात एका सकाळी ताईंचा फोन आला. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. "सुधीरराव, हे उठत नाहीयेत..." एवढंच म्हणाल्या. बडोद्यातच अलकापुरीतून गोरव्याला पोचेपर्यंत मी स्वतःला समजावत होतो, गाढ झोप लागली असेल. पण वसंतराव, माझे साडू, कुशीवर तसेच होते. चेहऱ्यावर कळ येऊन गेल्याची खूणसुद्धा नव्हती. शेजारचे डॉक्टर म्हणाले, "हृदयाचा झटका दिसतो, पण यांना दुखलंच नसेल. साखर जुनी असली की नसा बधिर होतात. मग शरीर हाकच मारत नाही." जमलेल्यांना त्यात समाधान वाटलं, यातना न होता गेले म्हणाले. मला मात्र त्या वाक्याची दहशत बसली आहे. छातीत काहीच दुखत नाही, याचीच आता धास्ती वाटते.

वसंतराव गोरव्यातल्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करत. निवृत्त झाले तरी घरातल्या पंख्याचा आवाज जरा बदलला की स्टुलावर चढायचे. स्वतःच्या शरीराचं मात्र नाव काढायचे नाहीत. आम्हा दोघांची रक्ततपासणी दरवर्षी दिवाळीनंतर एकाच दिवशी व्हायची. बायकांनीच तसं ठरवलं होतं. एकेकट्याला सोडलं तर दोघंही जाणार नाहीत, हे त्या ओळखून होत्या. मग मी एक युक्ती काढली. हो, मीच काढली. तपासणीआधी आठवडाभर कडक पथ्य करायचं. तेव्हापासून दिवाळीचा फराळ संपला की वसंतरावांचा फोन यायचा, "चालो सुधीरराव, परीक्षा जवळ आली, अभ्यासाला लागा!" दुधीची भाजी, ज्वारीची भाकरी, कमाटीबागेत फेऱ्या. बासुंदीवर जीव असलेला हा माणूस त्या आठवड्यात चहासुद्धा बिनसाखरेचा प्यायचा. रक्त देऊन झालं की कोपरावरचा कापूस तसाच ठेवून आम्ही थेट लहरीपुऱ्यात जिलेबी-फाफडा खायला. "पेपर दिला, आता सुट्टी," म्हणायचे. रिपोर्टमध्ये साखर जराशी वर असायची, घाबरण्यासारखी नसायची. ताई आनंदानं पेढे वाटायच्या. साखर ठीक आली म्हणून पेढे वाटणारं बडोद्यात दुसरं घर नसेल. त्यांना वाटे, रिपोर्ट नवऱ्याचा आहे. तो फक्त त्या एका आठवड्याचा असायचा.

गेल्या वर्षीच्या त्या आठवड्यात कमाटीबागेत फेऱ्या मारताना मागून शेंगदाणेवाला ओरडला, "काका, तमारुं चंपल!" वळून पाहिलं तर वसंतरावांच्या डाव्या पायात चप्पलच नव्हती. बरीच मागे राहिली होती, आणि ते खडीवरून तसेच चालत आले होते. मी हसलो. "वसंतराव, उद्या धोतर सुटलं तरी कळायचं नाही तुम्हाला!" तेही हसले. पण चप्पल घालताना त्यांनी अंगठा हातानं धरून आत सरकवला, आणि मी हसायचा थांबलो. कारण मुंग्या येऊन तसाच बधिरपणा माझ्याही तळव्यांना येऊ लागला होता... मी कुणाला सांगितलं नव्हतं.

दोन दिवसांनी आम्ही रक्त द्यायला गेलो. तिथल्या मुलीनं वसंतरावांना विचारलं, "काका, तीन महिन्यांची सरासरी साखर कळते, ती तपासणी करायची का? आठवडाभराच्या पथ्यानं ती लपत नाही." ती सहज बोलली, तिला आमचं काय माहीत! वसंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. ते नेहमीसारखे हसत नव्हते. आज वाटतं, मी "करून टाका" म्हणावं, एवढीच ते वाट पाहत होते. पण त्यांची झाली असती तर माझीही झाली असती. मी म्हणालो, "बेन, आवता वखते." पुढच्या वेळी. वसंतरावांनी मान हलवली आणि बाही खाली ओढली. त्या दिवशी जिलेबी त्यांनी नीट खाल्लीही नाही.

हे मी ताईंना सांगू शकलो नाही. दिवसकार्य झालं, माणसं पांगली. परवा त्यांच्याकडे गेलो होतो. हात धुवायला निघालो तर त्या म्हणाल्या, "जरा बघा हो, न्हाणीघरात दाराआड खाली एक आरसा ठेवलाय यांनी. दाढी तर बेसिनपाशी करायचे. त्यांच्या हातानं ठेवलेला, मला उचलवत नाही."

लहानसा गोल आरसा होता, भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवलेला, काच वर केलेली. समोर बुटकं स्टूल. मी त्यावर बसलो आणि कळलं, इथून फक्त तळवा दिसतो. आरशाच्या कडेवर हळदीच्या मलमाचा वाळलेला डाग होता. म्हणजे त्यांना कळलं होतं. रोज दार लावून, एकटे, ते आपला पाय तपासत होते. माझ्याइतकेच घाबरलेले होते, आणि त्यांना सोबत हवी होती तेव्हा मी "पुढच्या वेळी" म्हणालो होतो.

मी मोजा काढला, पाय वर घेतला आणि तळव्यावर बोट टेकवलं. आरशात बोट टेकलेलं दिसत होतं. तळव्याला काही कळत नव्हतं. डोळे मिटून पुन्हा टेकवलं... टेकलं की नाही, सांगता येईना.

"सापडला का?" बाहेरून ताईंनी विचारलं.

दार लोटलेलंच होतं. मी ते उघडलं. "ताई, इकडे या. हा आरसा जरा धरा," मी म्हणालो, "मला माझा पाय दाखवायचाय. आणि मग वसंतरावांचं एक सांगायचंय."

त्या पदर खोचून समोर खाली बसल्या आणि त्यांनी आरसा उचलला.