दाजींच्या गाडीचं शिंग

निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या मुलखात आवाजाच्या नादी लागून वाया गेलेला माणूस एकच झाला, आणि तो नेमका आमच्या आक्काच्या पदरात पडला. बाकीचे लोक जमीन, कुस्ती, तमाशा असल्या शहाण्यासारख्या गोष्टींच्या नादी लागतात. आमचे दाजी धुराच्या नळीच्या नादी लागले. जर्मनच्या लढाईनंतर बेळगावच्या कँपातला एक गोरा साहेब विलायतेला निघाला, तेव्हा त्याची मोटारसायकल दाजींनी घेतली. तंबाखूच्या व्यापाऱ्यासाठी गावोगाव हिंडून पीक बघणं हा त्यांचा धंदा, तेव्हा गाडी कामाचीच आहे, असं त्यांनी आक्काला पटवलं. आणि घरी आणल्या दिवशीच तिचा सायलेन्सर काढून परसात ठेवून दिला. म्हणाले, "सायबानं जनावराचं तोंड बांधून ठेवलंतं. आता बघा कसं बोलतंय." ते असं बोललं, की शेजारच्या म्हशीनं त्या दिवसापासून पान्हा चोरायला सुरुवात केली.

गाडीची ताकद इंजिनात नसते, नळीत असते, असं दाजींचं ठाम मत होतं. नळी आखूड केली की गाडी सपाटीला पळते, लांब केली की चढाला ओढते, आणि अगदीच मोकळी सोडली की नुसती बोंबलते. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. नळ्या बदलून बदलून तवंदीचा घाट चढत-उतरत त्यांनी ते ठरवलं होतं. घासलेटचा डबा झाला, पन्हळीचा पत्रा झाला. एकदा खानापूरच्या रानातला जाड बांबू बसवला, तर तो वाटेतच पेटला. मागं जाळ घेऊन दाजी गावात शिरले. लोक ओरडत पाठीमागं धावत होते आणि दाजींना वाटत होतं, गाडीचं कौतुक चाललंय. पुढं कितीतरी दिवस पोटरीला खोबरेल चोळत ते म्हणत, "काय बी म्हणा, बांबूचा आवाज लई गोड हुता."

या सगळ्यात हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण दाजींच्या जवळ बसलं की मधूनच अंगावर काटा यायचा. घाटात धुकं उतरलं की ते गाडी बंद करून कान देऊन उभे राहत. मी बेळगावात शाळामास्तर. मला म्हणत, "मास्तर, आवाज मरत न्हाई. कुठंतरी जाऊन बसतोय. सारखी नळी गावली की परत येतोय." हे ते भर उन्हात, पान चघळत, तंबाखूचा भाव सांगावा तसं सांगत. त्यांची थोरली मुलगी आदल्या प्लेगात गेली होती. त्या खेपेला माळावरच्या झोपड्यांतून गाव फार लवकर माघारी आलं आणि आठवड्याभरात घराघरांतून रडं उठलं. दाजी तिचं नाव काढत नसत. पण नळ्यांचं वेड लागलं ते तेव्हापासूनच, हे मला माहीत होतं.

आक्का या वेडाला शिव्या घालायची, पण तिचा कान मात्र त्या गाडीला बांधलेला होता. शेजारणी दारावरून जाता जाता विचारायच्या, "आक्का, मालक कुठवर आलं?" ती मान कलती करायची आणि सांगायची, "संकेश्वर सोडलं. नवी नळी घातलीया वाटतं." मग तवा चुलीवर ठेवायची. भाकरी फुगायची आणि दारात गाडी थांबायची. या बाबतीत आक्काचा शब्द गावात शेवटचा मानला जाई.

दाजींच्या गावची एक रीत होती. प्लेगाचे उंदीर पडू लागले की सगळं गाव गुराढोरांसकट बाहेर माळावर झोपड्यांत जायचं. घरांची कौलं काढून आत ऊन सोडायचं. मग गुरवानं देवीच्या पायरीवर उभं राहून शिंग वाजवेपर्यंत कुणी वेशीच्या आत राहायला यायचं नाही, आणि शिंग वाजल्यावर कुणी बाहेर राहायचं नाही. देवी बोलावते, असं मानायचे. दाजींचा डोळा कधीपासून त्या शिंगाच्या आवाजावर होता. शहापूरच्या तांबटाकडून त्यांनी हुबेहूब तसलं वाकडं पितळी शिंग घडवून घेतलं, नळीच्या तोंडाला बसवायला. ते नेमकं आलं तेव्हा गाव माळावर होतं. आक्काच्या कडेवर सहा महिन्यांचं पोर होतं आणि मी सुट्टीला तिच्या झोपडीत मुक्कामाला होतो.

"रिकाम्या गावात आवाज निखळ ऐकू येतोय, मास्तर. चला," दाजी म्हणाले. आक्कानं निघतानाच अडवू नये म्हणून गाडी चालू न करता ढकलतच न्यायची होती. नाकाला कापूर लावून आम्ही दुपारचे निघालो.

माणसं नसलेलं गाव मी त्याआधी पाहिलं नव्हतं. दारं उघडी, वर कौलं नाहीत, त्यामुळं ऊन थेट चुलींवर पडलेलं. एका जात्यात अर्धवट दळलेल्या जोंधळ्याला कोंब आले होते. गाडीची चाकं तेवढी करकरत होती आणि तो आवाज भिंतींमधून आमच्या पुढं पुढं जात होता. गल्लीच्या तोंडाशी दाजी थबकले. समोर उंदीर पडलेले होते, सुकलेले नव्हे, ताजे. दाजींनी ते बघितले. गाडी उभी केली, आणि किकवर पाय ठेवला मात्र, तेवढ्यात शिंग वाजलं.

देवळाच्या बाजूनं वाजलं. लांबलचक, चढत गेलेलं, शेवटी जरासं कापणारं. मी दाजींच्या पायाकडं बघितलं. पाय तसाच वर होता. त्यांनी हळूच खाली वाकून नळीच्या पितळेवर तळवा ठेवला, मग माझा हात धरून त्यावर टेकवला. पितळ थंडगार होतं. शिंग पुन्हा एकदा वाजलं आणि थांबलं.

"गुरव आलाय का बघू," मी कसाबसा म्हणालो.

"नगं," दाजी म्हणाले. "आधी वेशीत चला. माणसं निघाली असतील."

निघालीच होती. आम्ही वेशीत पोचलो तोवर माळावरून सगळं गाव येत होतं. डोक्यावर बोचकी, पुढं बैल, आणि सगळ्यांच्या पुढं गुरव. देवीचं शिंग त्याच्या खांद्यालाच होतं. दाजींनी गाडी वेशीत आडवी लावली.

"मागं फिरा," ते ओरडले. "ते शिंग म्या वाजवलं. माझ्या गाडीचं हाय."

मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझं मनगट असं आवळलं की मी गप्प झालो.

"शिंग माझ्यापाशी," गुरव म्हणाला. "मग आईबिगार कोण बोलवणार? तुझं असंल तर वाजवून दाव."

दाजींनी किक मारली, पुन्हा मारली. गाडी चालू झाली आणि त्या सुंदर पितळी शिंगातून पडसं झालेल्या रेड्यासारखा आवाज निघाला. एरवी मी पोट धरून हसलो असतो.

"ह्यो न्हवं!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. मागचे लोक रेटू लागले. बैलांची शिंगं दाजींच्या छातीला टेकली, तरी ते हलले नाहीत. "ताजं उंदीर पडल्यात," ते सांगत होते, "पोरं मरतील," पण देवीनं बोलावल्यावर त्यांचं कोण ऐकणार?

तेवढ्यात आक्का पोराला कडेवर घेऊन पुढं आली. दाजींकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

"ह्योच आवाज," ती गुरवाला म्हणाली. "लांबनं असाच येतोय. ह्यांची गाडी मला वळखंना व्हय? चला मागं."

गर्दी थांबली. गाडीच्या बाबतीत आक्का बोलली म्हणजे प्रश्नच मिटला. बायका आधी वळल्या, मग बाप्ये. गुरव मात्र तिथंच उभा होता. "आईच्या हाकंची नक्कल केलीस तू," तो म्हणाला. दाजींनी पाना काढला आणि तापलेलं शिंग उघड्या हातानं खोलून त्याच्या पायाशी ठेवलं. गुरवानं ते वेशीतल्या पडक्या विहिरीत टाकलं. दाजींच्या तळव्याला फोड आले होते.

त्या खेपेला झोपड्यांतलं कुणी दगावलं नाही. उंदीर थांबल्यावर गुरवानं रीतसर शिंग वाजवलं आणि गाव घरी आलं.

त्या दिवशी वेशीतून झोपडीकडं येताना दाजींनी मला शपथ घातली होती. "आक्काला सांगू नगा. देवीची हाक म्या खोटी पाडली म्हणून कळलं, तर माझ्या हातचं पाणी प्यायची न्हाई ती." घरी आल्यावर साहेबाचा सायलेन्सर परसातून काढून त्यांनी परत बसवला आणि पुन्हा कधी नळीला हात लावला नाही. गाडी मुकाट्यानं यायची, मुकाट्यानं जायची. लोक म्हणाले, माणूस सुधारला. मला मात्र त्या सुधारलेल्या दाजींकडं बघवत नसे. चांगला बोलका माणूस, पण घाटात धुकं उतरलं तरी आता थांबत नसे.

दाजी गेले त्या साली मी आक्काकडं राहिलो होतो. ते पोर आता नोकरीला लागलं होतं. दुपारी शेंगा फोडत बसलो असताना ती एकदम म्हणाली, "तुला एक सांगू रं? त्या दिशी ते शिंग ह्यांचं नव्हतंच. ह्यांनी गावात गाडी वाजवली आसंल, म्हणून ह्यास्नी ते आपलंच वाटलं. ह्यांची गाडी मी झोपंत बी वळखीन. पर पोर कडंवर हुतं. एक पोरगी गेलीती. खोटं बोलले मी, देवीच्या म्होरं."

आता शपथेत काही अर्थ राहिला नव्हता. मी म्हणालो, "आक्का, दाजींनी गाडी चालूच केली नव्हती."

तिचे हात थांबले.

"म्हंजे त्येनी बी खोटंच सांगितलं?" ती म्हणाली. "आणि मी दरसाल एकटीच, ह्यास्नी चोरून, देवीची वटी भराय जायाची. माफी मागाय." तिनं पदरानं डोळे पुसले आणि सुपातल्या शेंगा उगाच चाळवल्या. "मला म्हणायचं तरी हुतं. दोघं गेलो असतो की रं."