गाडग्याचं बूड

माझ्या बायकोला माझ्या सगळ्या खोडी पाठ आहेत. मागून आणलेली पुस्तकं मी परत करत नाही, माझ्या चित्राला कोणी नाव ठेवलं की आठवडाभर फुरंगटून बसतो, खोटं बोलताना कानाची पाळी चोळतो — सगळं. हे एवढं एक तिला माहीत नाही. ते घडलं तेव्हा ती दहा पावलांवर होती, पडवीत पाहुण्यांना वाढत होती. तिला सांगितलं नाही, भावाला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतो? तुम्ही आमच्या अवसरी गावचे नाही म्हणून. गेनूतात्यांना तुम्ही कधी पाहिलेलं नाही, त्यामुळे तुमच्या डोळ्यांत मला ते दिसणार नाहीत.

गोष्ट एका गाडग्याची आहे. ऐकून म्हणाल, एवढंच? मीही बरीच वर्षं स्वतःला तेच म्हणत होतो.

मी शाळेत चित्रकलेचा मास्तर. दोन हजार सालाच्या आसपास, एका मे महिन्यात, पुण्याला मातीकामाच्या शिबिराला गेलो आणि राकू शिकून आलो. राकू म्हणजे जपानकडची पद्धत. भांड्याला काचेचा लेप द्यायचा, भट्टीत तो वितळवायचा, आणि भांडं लालभडक असतानाच लांब चिमट्यानं उचलून भुशात टाकायचं. वर झाकण. धूर आत कोंडतो, आणि काचेवर काळ्या बारीक रेषांची जाळी उमटते. सुंदर दिसतं. पाणी मात्र त्यात ठरत नाही. असल्या भांड्यांसाठी मी आमच्या परसात भट्टी बांधायला घेतली, आणि गावाला सहा महिने पुरेल एवढा विषय दिला.

हायवेवरच्या गॅरेजातून ऑइलचा रिकामा ड्रम आणला. त्याचं तोंड कापलं, पालथ्या बुडाला मधोमध धूर जायला भोक पाडलं, आतून पांढऱ्या सिरॅमिक लोकरीचं अस्तर तारेनं टाचलं. खाली विटांचा ओटा, त्यावर भांडी, भांड्यांवर हा ड्रम पालथा. बाजूच्या भोकातून गॅसचा बर्नर. भट्टी कागदावर फार झकास होती. प्रत्यक्षात अस्तर लोंबलं, बर्नर फडफडून विझायचा, आणि भांड्याची एक बाजू जळायची तर दुसरी कच्ची राहायची.

तेव्हा गेनूतात्या आले. आमच्या गावचे कुंभार. त्यांचे वडील सुगीला आमच्या दारात मडकी घेऊन यायचे आणि माझे आजोबा त्यांच्याशी 'अरे-तुरे'नं बोलायचे. मी तसा बोलत नसे. मी शिकलेला. मी 'तात्या, तुम्ही' म्हणायचो — आणि तसं म्हणताना मला स्वतःचं किती कौतुक वाटायचं, हेही या कबुलीत आलं पाहिजे.

तात्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. त्यांनी ड्रमवरून हात फिरवला, बर्नरपुढे उकिडवे बसले, जाळाचा आवाज ऐकला. म्हणाले, "मास्तर, जाळ असा भांड्याच्या अंगावर सोडू नका. त्याला आदी कुटंतरी आपटाया पायजे." आणि एक वीट उचलून बर्नरच्या तोंडापुढे उभी केली. बस्स. जाळ विटेवर आपटून गोल फिरायला लागला. दोन महिने मी जे पुस्तकात शोधत होतो ते एका उभ्या विटेत होतं. मग अस्तरही त्यांनीच माती कालवून सावरून दिलं. महिनाभर रोज यायचे. मी विचारलं, तात्या, तुम्हाला काय देऊ? तर म्हणाले, काही नको, माझ्या एका गाडग्याला जाळ द्या.

हे गाडगं त्यांच्या बायकोचं. भागाबाईंचं. ती त्याच्या दोन वर्षं आधी तापानं गेली होती. नवराबायको भांडं मिळून करायची — चाकावर काठ आणि अंग तात्या काढायचे, आणि माती जरा वाळली की भागाबाई आतून दगड धरून बाहेरून फळीनं थापून बूड घडवायची. गेली त्या आठवड्यात थापलेली भांडी कच्चीच राहिली. ती भाजायला आवा, म्हणजे कुंभाराची मोठी भट्टी, लावायचा तात्यांना धीर झाला नाही. पावसात छप्पर गळलं आणि त्यांचा परत चिखल झाला. एक तेवढं गाडगं गोणपाटात गुंडाळून फळीवर होतं म्हणून वाचलं. कच्ची माती ती — पाणी लागलं की विरघळणार. भाजलं तर राहणार. एका गाडग्यासाठी आवा लावत नाहीत, आणि माझी भट्टी नेमकी त्या मापाची होती.

एकदा अस्तर लिंपता लिंपता त्यांनी मला त्यांच्या घरातला हिशेब सांगितला. काठाला तडा गेला तर चूक तात्यांची, बूड गेलं तर भागाबाईंची. "तीस वर्सात माजे काठ लई गेले, मास्तर. तिचं बूड येकदा न्हाई." काठ फुटला की ती तो तुकडा मुकाट्यानं त्यांच्या ताटाशेजारी ठेवायची आणि भाकरी वाढायची. हे सांगताना तात्या एवढे हसले की हातातला मातीचा गारा सांडला. तुम्हाला वाटेल मी हे विषयांतर करतोय. नाही. मला हेच सांगायचंय — की हे त्यांनी मला सांगितलं होतं. मला माहीत होतं.

शिबिरात शिकवणाऱ्या ताई आणि आणखी तिघं जण एका रविवारी भट्टी बघायला आले. सकाळपासून तात्या बर्नरजवळ बसून जाळ इवला इवला चढवत होते, कारण माझी पाच भांडी पुण्याहून एकदा भाजून आणलेली होती, पण गाडगं कच्चं होतं. घाई केली तर ते फुटणार. गाडगं मधोमध, पालथं, बूड वर. पाहुणे आले तेव्हा मी भट्टी समजावून सांगत होतो. ती वीट का उभी, हेही सांगितलं. इंग्रजी शब्द वापरून सांगितलं. माझा प्रयोग म्हणून सांगितलं.

मग ताईंनी सहज तात्यांना विचारलं, तुमच्या आव्यात असं काही असतं का हो? तात्या म्हणाले, "आसतंय की. मास्तरांना तेच सांगितलं म्या, वीट हुबी करा." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि हसल्या. फार नाही, जरासं.

दुपारी ड्रम उचलला. माझी पाच भांडी मी चिमट्यानं काढली. दोन भुशात पडता पडता दुभंगली. गाडगं तिथेच राहिलं, लाल, अखंड, आणि एका पाहुण्यानं म्हटलं की या सगळ्यात हेच खरं भांडं आहे. तात्या म्हणाले, ड्रम परत पालथा घाला, सांजच्यापत्तुर निवू द्या, हात लावू नका. आम्ही दोघांनी ड्रम घातला. तेवढ्यात बायकोनं हाक दिली, मासवडी तयार होती. ताई म्हणाल्या, चला तात्या, तुम्ही आमच्याशेजारी बसा. आमच्या पडवीत, पाटावर. मला म्हणाल्या, तुम्ही भट्टीकडे बघून या सावकाश.

बघा, मी इतका वेळ लावतोय. पुढचं फार थोडं आहे.

पडवीतून हसण्याचा आवाज आला. काय चाललं होतं ते मला ऐकू येत नव्हतं, पण विटेचीच गोष्ट चालली आहे अशी माझी खात्री झाली. माझ्या घरात माझं जेवण जेवता जेवता आमच्या गावचा कुंभार माझी टर उडवतोय — हेच शब्द मनात आले. 'तात्या, तुम्ही' वगैरे सगळं गळून पडलं, खाली आजोबा तसेच शिल्लक होते. माझ्या पिण्याच्या पाण्याचा तांब्या विटांवर होता. मी तो उचलला. ड्रमच्या वरच्या भोकातून आत पाहिलं. बरोबर खाली, मधोमध, ते बूड दिसत होतं, अजून लाल.

नीट नेम धरून ओतला, सगळा.

चर्र झालं, वाफ वर आली, आणि वाफेमागून अगदी बारीक 'टक' असा आवाज आला. चिमणीनं काच टोचावी एवढाच. मी तांब्या हौदावर परत भरला, जागेवर ठेवला, हात पुसले आणि जेवायला गेलो. तात्यांच्या शेजारी बसलो. त्यांना आग्रह करून आणखी एक वडी वाढायला लावली. मला त्या क्षणी कसं वाटत होतं, हे खरं सांगू? बरं वाटत होतं. भूक चांगली लागली होती.

पाहुणे चारला गेले. तात्या सांजेपर्यंत थांबले. आम्ही ड्रम उचलला. पाण्याचा मागमूस नव्हता, उष्णतेनं सगळं वाळलेलं. त्यांनी गाडगं दोन्ही हातांत घेतलं, नजर साथ देत नव्हती म्हणून बोटं फिरवत गेले — काठ, मान, पोट. मग बोटं थांबली. बुडाचा तळहाताएवढा तुकडा त्यांच्या हातात सुटून आला.

इथे तरी मी गप्प बसू शकलो असतो. पण नाही बसलो. मी म्हणालो, "बूड गेलं, तात्या."

त्याचा अर्थ त्या परसात फक्त आम्हा दोघांना कळत होता. त्यांनी तो तुकडा परत बुडाच्या जागी बसवून पाहिला. मग म्हणाले, "तिचं बूड कदी गेलं नव्हतं, मास्तर." आवाज अगदी साधा. आणि मी — सांत्वन करतोय अशा सुरात — म्हणालो, "शेवटाला हात थकला असंल त्यांचा." म्हणताना कानाची पाळी चोळत होतो. तात्यांना ते दिसणं शक्य नव्हतं.

तात्या ते दोन्ही तुकडे गोणपाटात बांधून घेऊन गेले.

मला वाटलं होतं चार दिवस वाईट वाटेल आणि विसरतील. त्यांनी ते वाक्य घरी नेलं आणि त्यावर विचार केला. पुढच्या साली एकदा माझ्या पायरीवर बसून म्हणाले, "तुमी बराबर बोलला व्हता, मास्तर. तिच्या अंगात कणकण व्हती तवा. मीच म्हनलं, येवडं थापून घे, मंग निज. तिचा हात चालत नव्हता, आन मला कळलं न्हाई." मी जाऊ द्या तात्या म्हणालो. चहा मागवला. सांगायला एवढी चांगली वेळ पुन्हा आली नसती, आणि ती मी चहात घालवली. जो माणूस तीस वर्षं बायकोच्या हाताची फुशारकी मारत होता, तो त्यानंतर भेटेल त्याला तिच्या आजारपणाची गोष्ट सांगायला लागला, स्वतःच्या चुकीसकट. मंचरच्या बाजारात मी त्यांना ती अनोळखी माणसाला सांगताना ऐकलं आणि रस्ता बदलला.

भट्टी मी चालवत राहिलो. ती वीट तशीच उभी होती, जाळ छान फिरायचा. पुण्यात माझ्या भांड्यांचं छोटं प्रदर्शनही झालं.

पाचेक वर्षांनी तात्या गेले. मी तेराव्याला गेलो. त्यांची मुलगी कळंबला दिलेली. तिनं मला बसायला सतरंजी टाकली, फळीवरचं गोणपाट काढून तुकडे दाखवले. म्हणाली, "आईचा हात शेवटाला थकला व्हता म्हनायचे आबा. तुमी पाह्यलं व्हतं ना, मास्तर?"

मी म्हणालो, हो. पाहिलं होतं.

तिनं तुकडे परत गुंडाळले. मी घरी आलो.

गाडगं नीट भाजलं होतं. तांब्याभर पाणी पडेपर्यंत त्याला कुठेही तडा नव्हता. मी भोकातून पाहिलं होतं. भागाबाईंचा हात थकलेला नव्हता.