रेवणप्पांचं परत आलेलं काम

बुद्धप्रियाने रेवणप्पांना पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा ते एका गिऱ्हाइकाचं मोटारसायकलला लावायचं ॲल्युमिनियमचं कॅरियर दोन बोटांत धरून उन्हात उभे होते. मेलेला उंदीर धरावा तसं.

"हे कशाला आणलंय? चड्ड्या वाळत घालायला?"

गिऱ्हाईक चष्म्यातून इकडेतिकडे बघत "ऑनलाइन मागवलंय" एवढंच म्हणालं. मागे उभ्या असलेल्या बुद्धप्रियाला हसू आलं. तिच्याही पिशवीत अगदी तसलंच कॅरियर होतं, हे तिला जरा उशिरा आठवलं.

अक्कलकोट रस्त्यावर रेवणप्पांचं पत्र्याचं दुकान. अडतीस वर्षं त्यांनी दूधवाल्यांच्या गाड्यांना लोखंडी कॅरियर करून दिली. दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन, खाली खड्डेच खड्डे, तरी कॅरियर जागचं हलायचं नाही. एवढ्या भांडवलावर त्यांनी जगाची वाटणी करून टाकली होती. एकीकडे दूध घालणारी माणसं, दुसरीकडे हौशी. हौशी माणसाला ते बसायला सांगत नसत. दुकानात खुर्ची एकच, आणि तिच्यावर ते स्वतः. "माझं काम परत येत न्हाय," हे वाक्य चहाच्या आधी एकदा आणि चहानंतर एकदा ऐकावं लागे.

बुद्धप्रिया सत्तेचाळीस वर्षांची, जिल्हा परिषदेत वरिष्ठ सहायक. तिने इलेक्ट्रिक मोटारसायकल घेतली होती आणि सगळ्या नोकरीत पहिल्यांदाच केवळ स्वतःसाठी बारा दिवसांची रजा मंजूर करून घेतली होती. रविवारी निघायचं, कुर्डुवाडीला भावाकडे चार्जिंग, मग माळशिरस, मग घाट उतरून समुद्र. भाऊ सिद्धांत रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होता. "ताई, मोहोळपर्यंत येशील. तिथून गाडी टेम्पोत घालू," असं तो फोनवर म्हणाला होता. ही रजा घरी बसून गेली असती, तर दुसरी मागायला तिची जीभ रेटली नसती. आणि सिद्धांतने जन्मभर मोहोळचा जप केला असता.

तो मंगळवार होता. रेवणप्पांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"आवाज न्हाय, धूर न्हाय. गाडी हाय का मिक्सर?"

"मिक्सरला तरी आवाज असतो, आप्पा."

"किती लिटर न्यायचंय?"

"दूध नाही न्यायचं. कपडे, चार्जर, पंक्चरचं सामान. पिशव्या तीस-तीस लिटरच्या आहेत."

"मग तसं बोला की अक्का. लिटर कळतंय मला. टूरिंगबिरिंग न्हाय कळत."

तिच्या कॅरियरची भोकं गाडीच्या भोकांशी जुळत नव्हती. रेवणप्पांनी ते भंगारात टाकलं, तिला न विचारता. नटबोल्ट त्यांना मुळातच आवडत नसत. "बोल्ट लावणाऱ्याच्या मनात पुढंमागं काढायचं असतंय. मी थेट चेसीला जोडतो."

"गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, चेसीवर वेल्डिंग करू नका," बुद्धप्रिया म्हणाली. "निदान बॅटरी तरी काढू या."

"पुस्तक लिहिणाऱ्यानं दूध घातलंय का कधी?"

इथे तिने हट्ट धरायला हवा होता. कार्यालयात ती एका चुकीच्या तारखेसाठी अख्खी फाइल परत पाठवायची. पण घटकाभरापूर्वी चष्मेवाल्याला हसलेली बाई आता स्वतः पुस्तक काढून दाखवणार कशी?

रेवणप्पांनी अर्थिंगचा चिमटा चेसीला लावला आणि रॉड टेकवला. दोन्ही बाजूंच्या चौकटी उभ्या राहिल्या. सांधे खरोखर देखणे झाले होते, जोंधळ्याच्या कणसासारखे भरलेले. काळा रंग मारून झाल्यावर ते म्हणाले, "करा चालू."

तिने किल्ली फिरवली. गाडी जागी झाली नाही.

"चार्जिंग संपलं असंल."

"सकाळी भरून आणलीय."

त्यांनी फ्यूज पाहिला, वायरी हलवल्या, सीटवर एक चापट मारली. मग खुर्चीत जाऊन बसले. चहा आला, गेला. ते वाक्य काही आलं नाही.

बुधवारी बुद्धप्रिया आली तेव्हा दुकानाला कुलूप. शेजारचा टायरवाला म्हणाला, "आप्पा गाडी ढकलत शोरूमला गेलेत. टेम्पो बघतो म्हटलं तर माझ्यावरच डाफरले."

ती शोरूमच्या दारात पोचली तेव्हा आत मेकॅनिक ऋतुजा विचारत होती, "काका, मोटरचा कंट्रोलर जळलाय. वेल्डिंगच्या वेळी बॅटरी काढली नव्हती?"

रेवणप्पांची दाराकडे पाठ होती. गाडी आधीच बिघडली होती असं म्हणणं फार सोपं होतं, आणि त्यांचा आजवरचा स्वभाव बघता तेच ते म्हणतील असं बुद्धप्रिया धरून चालली होती.

"न्हाय काढली," ते म्हणाले. "बाईंनी सांगितलं होतं. मी ऐकलं न्हाय."

नवा कंट्रोलर पुण्याहून शनिवारी संध्याकाळी यायचा होता. चेसीवरचे सांधे मात्र काढावेच लागतील, असं ऋतुजाने सांगितलं. ते रेवणप्पांनी स्वतःच्या हाताने ग्राइंडरने कापले. कापताना चेहरा असा, की समोरून हटकायची कुणाची छाती झाली नसती. मग पट्ट्या वाकवून चेसीभोवती आवळायच्या पकडी केल्या, आत जुन्या ट्यूबचं रबर घातलं आणि बोल्ट लावले. हो, बोल्ट. बुद्धप्रियाला गाडीवर बसवून पाय हलवायला लावले, टाच पिशवीला लागते म्हणून चौकटी चार बोटं मागे घेतल्या. चार्जरचं वजन खाली आणि पुढे ठेवायला सांगितलं. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

"दूधवाल्याचीबी टाच लागतीच की," ते म्हणाले.

शनिवारी कंट्रोलर बसला. रविवारी सकाळी ती निघाली. मोहोळला थांबली, फक्त सिद्धांतला फोटो पाठवण्यापुरती.

बाराव्या दिवशी ती दुकानात आली तेव्हा रेवणप्पांनी पाना घेऊन एकेक बोल्ट तपासला. एकही सैल नव्हता. "गाडी धूत जावा," एवढंच ते बोलले.

आता त्यांच्याकडे इलेक्ट्रिक गाड्या आठवड्याला दोन-तीन येतात. गाडी आली की रेवणप्पा आधी बॅटरी काढून आपल्या खुर्चीवर ठेवतात, आणि काम संपेपर्यंत उभे राहतात.