साल्विंगचा रिकामा वाडगा

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहराच्या रेडिओवर रोज दुपारी लागणारी कौटुंबिक मालिका साल्विंग लिहायची आणि तिच्यातली दुष्ट मावशी ब्रिहिदा मी बोलायचे. माझा आवाज इतका जमला होता की सासूने मला कामं सांगणं सोडलं होतं. मावशी मात्र जमत नव्हती. ती विहिरीत विष कालवायची, अनाथ भाचीचे केस कापायची, आणि श्रोते कमी होत चालले होते.

मग साल्विंगने कहर केला. भाचीला सांभाळणाऱ्या बहिणीकडून कालवण भरून आलेला वाडगा ब्रिहिदाने रिकामा परत धाडला.

दुसऱ्या दिवशी मासळीवालीने मला अडवलं. "विष ठीक आहे गं. माझी नणंदही घालेल. पण रिकामा वाडगा? असली माणसं असतात का कुठे?"

गावभर हेच. स्टेशनप्रमुख देलफिन शांतपणे म्हणाले, "साल्विंगबाई, शुक्रवारपर्यंत मावशीला माणसात आणा. नाहीतर सोमवारपासून मालिका बंद." साल्विंगला लिहिण्यावाचून दुसरं काही येत नव्हतं. संसार करून पाहिला होता, तोही आला नव्हता.

त्या दुपारी मी तिच्याकडे होते. साल्विंग आणि थोरली बहीण पुरिंग यांच्यात आईमागे घरातला सान होसे या संताचा पुतळा कुणी ठेवायचा यावरून वाजलं होतं. पुतळा पुरिंगकडे गेला, अबोला दोघींकडे राहिला. आईचा एक वाडगाही होता. तो ठेवून घेतला तर हावरटपणा दिसणार, रिकामा धाडला तर आईचं नाव जाणार. म्हणून तो वर्षानुवर्षं भरून जात होता, भरून येत होता.

शेजारीण तोच घेऊन आली. "पुरिंग म्हणते, तुझे पडदे धुवायला झालेत. रस्त्यावरून दिसतं."

"तिला सांग, लोकांच्या खिडक्यांत डोकावू नये," म्हणत साल्विंगने झाकण काढलं.

आत बांगुस मासा होता. काट्यांच्या भीतीने मी जपून घास घेतला. एकही लागला नाही.

"काटे कुठे गेले?"

"ती काढते. माझ्या दाढा गेल्यापासून," साल्विंग चिडून म्हणाली. "मी सांगितलं होतं का तिला?"

मग तिने घास ताटात ठेवला आणि टाइपरायटर पुढे ओढला.

शुक्रवारी ब्रिहिदाने भाचीला काटे काढलेला मासा पाठवला, वर निरोप: "म्हणावं, पोरगी वाळलीये. लोक नावं मला ठेवतील." हे बोलताना मी ब्रिहिदाचा आवाज खाली आणला. तसं लिहिलेलं नव्हतं, पण देलफिननी जाऊ दिलं.

सोमवारी स्टेशनच्या दारात बायकांची रीघ लागली. मालिका बंद करण्याचा विषय देलफिननी पुन्हा काढला नाही. मासळीवाली मला म्हणाली, "आता कशी खरी वाटली भवानी." आणि ताजा मासा निवडून दिला.

त्या संध्याकाळी वाडगा घेऊन पुरिंग स्वतः आली.

"ती ब्रिहिदा म्हणजे मी का?"

"नाही, मानांग," साल्विंग म्हणाली. थोरल्या बहिणीला मारायची ही हाक तिच्या तोंडून कित्येक वर्षांत निघाली नव्हती. "ती फार दुष्ट आहे."

"म्हणून तर विचारतेय." पुरिंगने वाडगा टेबलावर ठेवला. "आणि ती एवढ्यावर थांबणार नाही. पोरीच्या फ्रॉकबद्दल बोलेल."

साल्विंगने कोरा कागद चढवला. "काय बोलेल?"

पुरिंगने खुर्ची ओढली.

मालिका इतकी चालली की भाचीला नातवंडं झाली. पुरिंग अजून येते, मावशीची वाक्यं दुरुस्त करते. सान होसे अजून तिच्याकडेच आहे आणि साल्विंग अजून मागते. त्यावरून दोघी कडाडून भांडतात. मी कान देऊन ऐकते. पुढच्या आठवड्यात तेच मला बोलायचं असतं.