भिंतीवरचं बी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. शोभाला तर नाहीच. ती माझी बायको, आणि लपवायचं ते तिच्यापासूनच होतं. गवई माझा जिवाभावाचा दोस्त. तो ड्रायव्हर, मी कंडक्टर, निम्मी नोकरी आम्ही एकाच गाडीवर काढली. त्यालाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. आणि आधीच सांगून टाकतो — गोष्ट एवढीशी आहे. एका गोवरीची. ऐकून तुम्ही म्हणाल, हात्तिच्या! म्हणा. मीही पुष्कळ दिवस तसं म्हणून पाहिलं.

आमचं घर धाड गावात. एसटीत असताना डेपोत मला माझ्या नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे 'बाजारभाव' म्हणायचे. आणि मला ते आवडायचं — का नाही आवडणार? गाडी जिथं जाईल तिथला भाव मला तोंडपाठ. धाडच्या बाजारात मिरची कधी उतरते, खामगावात तेलाचा डबा कोणत्या दुकानात स्वस्त पडतो, बीबी गावाकडे तूर खळ्यावरूनच उचलली तर काय फरक पडतो. शेंगदाणे एका गावचे, गूळ दुसऱ्या गावचा, लसूण तिसऱ्या. माझ्या सीटखाली कायम एखादी पिशवी असायची. नवीन लग्न झालेली पोरं मला विचारायची, काका, गहू आता भरू की थांबू? मी खिडकीबाहेर बघत जरा वेळ लावायचो आणि मग सांगायचो. तेवढा थाट मी केला, कबूल आहे.

मग रिटायर झालो. गाडी सुटली, तसे बाजारही सुटले. पेन्शन म्हणाल तर नाव घेण्यासारखी नाही. घरात मी, शोभा आणि माझी म्हातारी माय. पोरगी सासरी. गॅस महागला, तेल महागलं, डाळीच्या भावाचं तर बोलूच नका. मला वाटलं, आता घराला माझी खरी गरज पडणार. बाजारभाव आता घरीच आहे म्हटल्यावर काळजी कसली?

तर घराला माझी गरज नव्हती.

शोभाचं काय चालायचं ते मी नोकरीत असताना कधी नीट पाहिलंच नव्हतं. मी स्वस्त आणायचो. ही मुळात आणायलाच लावायची नाही. भांड्याचं, धुण्याचं पाणी तिनं नाली काढून परसातल्या केळीला आणि आळूला नेलं होतं. मेथी मातीमोल झाली की ती जुड्याच्या जुड्या वाळवून ठेवायची, आणि उन्हाळ्यात लोक भाजीवाल्याशी भांडत असताना आमच्याकडे मेथीचं वरण व्हायचं. तुरीची डाळ घरी करायची, जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवायची. आंघोळीचं पाणी गॅसवर तापवायचं नाही म्हणजे नाही. त्यासाठी परसात चूल, आणि चुलीत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या न् गोवऱ्या. ती चूल मायची. पहाटे उठून पाणी तापवणं हे तिनं स्वतःकडे ठेवलेलं एकमेव काम. तिला विसर पडायला लागला होता, पण चूल कधी विसरली नाही.

याच काळात मी एक पराक्रम केला. तेल कडाडणार अशी हूल उठली आणि मी खामगावला जाऊन डबे उचलले. एक नाही, कोपरा भरेल इतके. तेल उतरलं. डबे राहिले, आणि शेवटचे खवट झाले. शोभा बोलली असती तर बरं झालं असतं. बचत गटात तिला कुणी शिकवलं होतं — तिनं सोडा आणून त्या खवट तेलाचा साबण केला. वड्या पाडल्या, वाळवल्या, गल्लीत वाटल्या. बायका बघायला आल्या. ओसरीवर मी बसलेलो, आणि बायका माझ्या समोरून आत जायच्या. माझ्या चुकीतूनही हिचीच वाहवा!

मला हेवा वाटत होता. बायकोचा. सांगतानाही कसंतरी होतं. माणसानं भावाचा हेवा करावा, शेजाऱ्याचा करावा — पण जिच्या हातचं खातो तिचा? तिनं वाचवलेला पैसा माझ्याच घरात राहत होता ना? मग तो मला का टोचत होता? मी बारीक बारीक खोड्या काढायला लागलो. तिनं घरची भाजी केली की मी मुद्दाम बाजारातून फुलकोबी आणायचो. दिवा चालू ठेवून उठायचो. एकदा तर नालीत चिंध्यांचा बोळा कोंबला आणि दुपारभर पाणी तुंबलेलं बघत बसलो. ती आली, काडीनं बोळा काढला, धुतला आणि फडकं म्हणून वाळत घातला. तुम्ही असता तर हसला असता. मला हसू आलं नाही.

त्या हिवाळ्यात बीबीला माझ्या सासूबाई वारल्या. त्या कोहळं लावायच्या — गोड बोंडं तळतो ना आपण, ते लाल कोहळं, म्हणजे लाल भोपळा. त्यांच्या वेलाचं कोहळं चपटं, जड, आणि उन्हाळ्यापर्यंत टिकणारं. दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या हाती आम्हाला यायचं. तेरावं झालं आणि शोभा माळ्यावरचं शेवटचं कोहळं घेऊन आली. जीपमध्ये ते तिच्या मांडीवर होतं. मी म्हटलं, खाली ठेव. तिनं ठेवलं नाही. तिच्या भावानं आईचं परस मोडून तिथं फरशी करायचं ठरवलं होतं, म्हणजे पुढं तिथं वेल चढणार नव्हता.

काही दिवसांनी तिनं ते चिरलं. बोंडं केली, पहिलं मायच्या ताटात वाढलं. आणि बी धुतलं नाही, तसंच ओलं शेणात मिसळून गोवरीसारखं थापलं आणि परसातल्या भिंतीवर लावलं. आमच्याकडे जुन्या बायका असंच बी ठेवायच्या. शेणात त्याला कीड लागत नाही, पावसाळ्यात गोवरी फोडायची की झालं. त्याच भिंतीवर जळणाच्या गोवऱ्याही होत्या. चूक होऊ नये म्हणून तिनं या गोवरीवर हळदी-कुंकवाची बोटं ओढली. हे नीट लक्षात ठेवा. ती गोवरी लांबूनही वेगळी दिसायची.

गटातल्या बायका बी मागायला लागल्या. पाऊस पडू द्या, सगळ्यांना देते, असं तिनं कबूल केलं. आईचा वेल गावभर होईल, असं ती मला एकदा म्हणाली. माझ्याशी ती अशी मनातलं बोलायची. मी 'हं' म्हटलं होतं.

आणि मग एका संध्याकाळी गवई आला. मला बरं वाटलं. म्हटलं, आपला माणूस आला, आता डेपोच्या गोष्टी होतील. मी खुर्ची पुढं केली. तो उभ्या उभ्याच म्हणाला, "वहिनी हायेत का? तूर भरायचं विचारायचं होतं."

मी म्हटलं, मला विचार की.

"तुले नाही बे. तुह्या तेलाचे डबे पाह्यले म्या," असं म्हणून तो हसत हसत आत गेला. त्याच्या मनात काही नव्हतं, मला आजही ठाऊक आहे. आत बराच वेळ बोलणं चाललं. मग दोघं परसात गेले, शोभानं त्याला ती गोवरी दाखवली, त्याचा 'वा वहिनी' ऐकू आला. मी ओसरीवर बसलो होतो. त्या वेळी मला शोभाचा जो राग आला — राग तरी कसला? तिनं काय केलं होतं माझं?

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात गेलो. होळी यायची होती, हवेत अजून गारवा होता. माय चुलीपाशी होती. काडेपेटी ओली लागली म्हणून ती दुसरी आणायला आत गेली. मी भिंतीपाशी गेलो. हळदी-कुंकवाची बोटं माझ्या डोळ्यांसमोर होती. गोवरी काढली, दोन तुकडे केले आणि पऱ्हाट्यांच्या खाली सारले. चुकून नाही. झोपेत नाही. माय आली, तिनं काडी ओढली, फुंकर घातली. माझ्या हातचं काम तिच्या हातानं पुरं झालं.

थोड्या वेळानं बी तडतडायला लागलं. मायनं नाक वर केलं. "कोहळ्याच्या बियाचा वास येऊन राह्यला रे," ती म्हणाली.

मी म्हटलं, शेजारी कुणी भाजत असेल. आणि त्याच पाण्यानं आंघोळ केली.

शोभाच्या लक्षात आलं ते कपडे वाळत घालताना. भिंतीवर गोवरीची खूण होती, तिथं हात ठेवून तिनं मला विचारलं, गोवरी कुठं गेली? मी खार म्हणू शकलो असतो, माकड म्हणू शकलो असतो. मी म्हणालो, "सकाळी चुलीपाशी मायच होती."

पाहा, यात एक शब्द खोटा नाही. इतकी वर्षं मी यालाच धरून होतो.

माय दारातच बसली होती. तिनं ऐकलं. तिनं नाही म्हणायला हवं होतं, मी तर तयारीत होतो की ती नाही म्हणेल आणि मग आपण कुरकुर करत विषय बदलू. पण ती सकाळ आठवत राहिली आणि म्हणाली, "हो वो बाई, मीच घातली असन. वास आलता मले बियाचा. मले आता काई उमजत नाई."

शोभा तिला एका शब्दानंही बोलली नाही. उलट जवळ बसून समजूत घातली. फक्त एवढंच झालं की दुसऱ्या दिवसापासून मायला चुलीपाशी जाऊ दिलं नाही. भाजून घेईल, पदर पेटेल, या काळजीनं. पाणी मी तापवायला लागलो. माय पहाटे उठून सवयीनं परसाच्या दारापर्यंत यायची आणि मला चुलीपाशी बघून परत फिरायची. मग ती घरातल्या कशालाही हात लावण्याआधी विचारू लागली. तांब्या घेऊ का? दिवा लावू का? हे फेकायचं तं नाही ना? माझी माय — जिनं एकटीनं दोन एकरावर मला वाढवलं — ती माझ्याच घरात तांब्याला विचारून हात लावत होती. मी बघत होतो. एका वाक्यात सगळं थांबवता आलं असतं, नाही का?

शोभानं बीबीला फोन केला. भाऊ म्हणाला, गावात कुणाकडं असलं तर बघतो. पुढं विषय निघाला नाही. पावसाळ्यात तिनं दुकानातून कोहळ्याच्या बियाण्याचं पाकीट आणलं. तिला विकतचं बी आणताना मी पहिल्यांदा पाहिलं. अजून दरवर्षी आणते. वेल चांगला येतो, कोहळी गोल येतात, संक्रांतीच्या आतच सडतात. एखादी बाई जुन्या बियाचं विचारते, तेव्हा शोभा म्हणते, आत्याबाईंच्या, म्हणजे मायच्या, हातून गेलं, म्हातारपण होतं, त्यांना बोलून काय उपयोग? मी तिथंच असतो. गवईही कधी असतो. त्या बायकांनी माझ्याकडे संशयानं बघण्याचा काही प्रश्नच येत नाही. आणि सांगू? मला जे हवं होतं ते मिळालं. बी वाटणारी शोभा राहिली नाही. हेवा मात्र तसाच राहिला, आता तिच्या मोठ्या मनाचा.

माय त्यानंतरचा एक हिवाळा काढून गेली. शेवटी शेवटी अंथरुणाला खिळली होती. एक दिवस दुपारी मी उशाशी होतो, आणि ती अगदी शुद्धीवर होती — माझं नाव घेतलं, पोरीची चौकशी केली. मग माझा हात धरून म्हणाली, "शोभाले सांगजो, माह्या हातानं तिच्या मायचं बी जळलं. मनात नको ठेवू म्हना."

खोलीत आम्ही दोघंच. तिला नीट ऐकू येत होतं. सांगायला याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती, आणि हे मला तेव्हाही कळत होतं.

मी उठलो. स्वयंपाकघरात गेलो आणि शोभाला मायचा निरोप दिला. जसाच्या तसा. ती हातातलं काम टाकून रडत तिच्याकडे धावली. तिचं बोलणं आतून ऐकू येत होतं — आत्याबाई, मी तं कधीच इसरली, तुम्ही काऊन मनाले लावून घेता. मी आत गेलो नाही. गॅसवर दूध ठेवलेलं होतं. ते उतू जाऊन वाया जाऊ नये, म्हणून मी तिथंच उभा राहिलो.