मालोजीभाऊजींची लिंबं

"बापाचं इंजान दिलंस आन् बिनइंजनाची गाडी आणलीस? माल्या, तुला येड्याच्या इस्पितळातबी घ्यायचे न्हाईत."

"न्हाई घेतलं तर न्हाई. तितं गाडी लावायला जागा नसंल."

हे भांडण मी भिंतीआड तांदूळ निवडता निवडता ऐकलं. पहिला आवाज आमच्या मालकांचा. दुसरा त्यांच्या धाकट्या भावाचा, म्हणजे माझ्या दिरांचा, मालोजीभाऊजींचा. विहिरीवरचं डिझेल इंजन सासऱ्यांनी घेतलेलं. विजेची मोटर आल्यापासून ते पडून होतं, त्याच्यावर कोंबड्या बसायच्या. भाऊजींनी कुणाला न विचारता ते कुदळवाडीच्या भंगारवाल्याला दिलं आणि बदल्यात एक गाडी टेम्पोमागं बांधून ओढत आणली. गाडी आपली म्हणायची म्हणून. दोनच माणसांची, वर टप नाही, तोंड लांब, बूड आखूड, आणि पोट जमिनीला घासेल इतकी बुटकी. कुण्या साहेबाची विलायती शर्यतीची गाडी होती म्हणे. तिचं तोंड उघडलं तर आत नुसतं भगदाड, आणि इंजनाच्या जागी उंदरांचं बिऱ्हाड.

"हे भंगार माज्या दारात नको," मालक म्हणाले.

"भंगार न्हाई दादा. गाडी हाय ती."

झालं. इथून पुढं दोघा भावांचं जे काही वाजलं ते या एका शब्दावरून. एक म्हणायचे भंगार, दुसरे म्हणायचे गाडी. तेव्हापासून मालकांनी मागच्या पत्र्याच्या शेडात पाऊल टाकलं नाही. चिखलीतलं आमचं घर एक, अंगण एक, पण शेड म्हणजे जसा दुसरा देश.

भाऊजी भोसरीत एमआयडीसीत पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला होते. शिफ्ट सुटली की चहा घ्यायचे आणि शेडात शिरायचे. जावेची, शालनची, तक्रार अशी की लग्न माझ्याशी झालं आणि नांदतात तिच्याशी.

गाडी आली त्या वर्षीच्या दसऱ्याची गोष्ट. आमच्या गल्लीत दसऱ्याला सगळ्या वाहनांची पूजा होते. ट्रॅक्टर, स्कूटर, टेम्पो, सगळे धुऊन पुसून उभे. भाऊजींनीही तो सांगाडा बाहेर ढकलत आणलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, आणि नव्या गाडीला करतात तसं चारी चाकांपुढं एकेक लिंबू ठेवलं. सगळं यथासांग झालं आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की लिंबू चिरडायचं तर गाडी चालायला पाहिजे.

अख्खी गल्ली उभी होती. कुणीतरी म्हणालं, "मालोजीराव, हाना की स्टार्टर." लोक पोट धरून हसले. मीसुद्धा पदर तोंडाला लावला, खोटं कशाला सांगू. हसणाऱ्यांपैकी एकजण लिंबं उचलायला वाकला, तर भाऊजींनी त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या. ती स्वतः चिरडंल."

त्यांनी गाडी मागं ढकलत शेडात नेली आणि चारी लिंबं उचलून पुन्हा चाकांपुढं मांडली. तिथून ती हलली नाहीत. पुढच्या दसऱ्याला त्यांच्या शेजारी नवी. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. जुनी लिंबं काळी पडली, गोट्यांसारखी टणक झाली. शालन झाडायला गेली तर तिच्या केरसुणीलाही ती वळसा घालायला लावायचे. हळूहळू गल्लीत म्हणच पडली. कुणाच्या पोरीचं लग्न लांबलं, कुणाचा नळ वेळेवर आला नाही, तर म्हणायचे, "मालोजीची लिंबं झालीत."

भाऊजींच्या कानावर जायचं. ते म्हणायचे, "लिंबं माजी हायत. तुमच्या डोळ्यात का झोंबत्यात?"

गंजून चाळण झालेला पत्रा त्यांनी कापून काढला आणि वाळूच्या पोत्यावर नवा पत्रा ठोकून ठोकून वळवला. दुपारी झोप लागायची नाही आम्हाला. बैठका शालननं आपल्या मशीनवर शिवल्या, प्रत्येक टाक्यासरशी एक शिवी देत. रंगाची वेळ आली तेव्हा भाऊजींनी तिलाच विचारलं, "कोणता देऊ?" ही रागात होती, समोर भाजी चिरत होती. म्हणाली, "वांग्याचा द्या." त्यांनी खरंच वांग्याचा दिला. शालन त्या दिवशी जेवली नाही, पण संध्याकाळी शेडाच्या दारात जाऊन बराच वेळ बघत उभी होती, हे मी पाहिलंय.

इंजन तेवढं मिळेना. त्या जातीचं इंजन आपल्याकडं नाहीच म्हणे. शेवटी भाऊजींनी एका जुन्या जीपचं डिझेल इंजन आणून बसवलं. ते उंच निघालं, वरचं झाकण बसेना, म्हणून झाकणाला मधोमध फुगवटा ठोकला. डोक्याला टेंगूळ यावं तशी दिसायची गाडी. जुन्या गाड्यांचा नाद असलेले एक गृहस्थ पुण्याहून मुद्दाम बघायला आले होते. टेंगूळ बघून त्यांचा चेहरा पडला.

"अहो, पण हे इंजिन ओरिजिनल नाही."

"माज्या तोंडातले दातबी ओरिजिनल न्हाईत, साहेब," भाऊजी म्हणाले. "भाकरी तुटल्याशी मतलब."

तोवर भाऊजी रिटायर झाले होते आणि त्यांचा मुलगा धनेश हाताशी आला होता. धनेश चाकणच्या कंपन्यांना बसगाड्या पुरवतो. पोरगा वाईट नाही, पण मोकळी जागा दिसली की त्याला तिथं मजले दिसतात. त्यानं ठरवलं, शेड पाडायचं आणि कामगारांना भाड्यानं द्यायला खोल्या बांधायच्या. खाली पार्किंग, वर खोल्या.

"तात्या, दसरा झाला की शेड पडणार," तो म्हणाला. "चालती गाडी असंल तर पार्किंगमदी पयली जागा तुमची. भंगार असंल तर माघारी कुदळवाडीला."

भाऊजी सासऱ्यांच्या इंजनावरून थोरल्या भावाचं ऐकून घेत आले होते. आता पोटच्या पोराच्या तोंडीही तोच शब्द. त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली.

"दसऱ्याला ये," म्हणाले. "आन् येताना पायात चप्पल घाल. लिंबाच्या बिया घसरत्यात."

त्या दसऱ्याला गल्लीतल्या पूजा भराभर उरकल्या आणि सगळे आमच्या अंगणात जमले. भाऊजींनी नवी चार लिंबं आणली, जुन्यांच्या शेजारी मांडली, हार घातला आणि गाडीत बसले. किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि गप्प झाली. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. मागून दोघं-तिघं धक्का मारायला सरसावले.

"हात लावायचा न्हाई कुणी," भाऊजी मागं न बघता म्हणाले. "ढकलून तर मीबी कवाच चिरडली असती."

ते खाली उतरले, टेंगूळ उघडून आत काहीतरी पिळलं, हात धोतराला पुसले आणि पुन्हा बसले. धनेश मोबाईल काढून उभा होता, पण तोंड सुकलेलं. शेवटी बापच तो.

या वेळी धरलं. सगळं शेड थरथरलं, काळ्या धुराचा लोट आला, आणि वांगी रंगाची ती बुटकी बया पुढं सरकली. नवी लिंबं फच्चकन फुटली. जुनी मात्र अशी कडाकडा वाजली की लोक मागं सरले. भाऊजींनी गाडी पुढं घेतली, मागं घेतली, पुन्हा पुढं घेतली. एक काळं लिंबू निसटून बाजूला गेलं होतं, ते चाकाखाली येईपर्यंत काही उतरले नाहीत.

आमचे मालक अंगणाच्या अलीकडं ओट्यावर बसले होते. नजर अधू झालेली, पण कान शाबूत. मी विचारलं, "ऐकलंत का?"

"आवाज बापाच्या इंजनासारखा हाय," ते म्हणाले. मग नाक ओढून म्हणाले, "धूरबी तसाच सोडती गाडी."

गाडी म्हणाले. मी बोलून दाखवलं असतं तर शब्द परत घेतला असता.

धनेशनं शब्द पाळला. खोल्या झाल्या, खाली जिन्याजवळची पहिली जागा भाऊजींना मिळाली. पण त्यानं बजावलं, "तात्या, कागदं हातात येईस्तवर हमरस्त्याला न्यायची न्हाई. पोलीस धरतील."

"धरू दे. दळण दाखवीन."

कारण भाऊजी त्या गाडीतून जायचे ते फक्त गल्लीच्या टोकाला, गिरणीत. शालन गाडीत बसायला तयार नव्हती. म्हणायची, वांग्यात बसायला मी काय अळी आहे का. म्हणून शेजारच्या बैठकीवर दळणाचा डबा बसायचा, जुन्या साडीच्या पट्ट्यानं आवळून. पूर्वी हेच दळण ते खांद्यावरून न्यायचे. कामही तेच, गिरणीही तीच.

भाऊजी वारले त्याच्या आदल्या दिवशी भोगीची बाजरी दळायची होती. भाऊजींनी डबा बसवला, पट्टा आवळला, चाकामागचा दगड काढला आणि गेले. आले तेव्हा शालन दारातच होती. तिनं झाकण काढून पीठ चिमटीत धरलं.

"ज्वारीवर दळलंय मेल्यानं. पांढरं आलंय सगळं."

"मग मी काय करू? गिरणीत घुसून बसू?"

"उभं ऱ्हायचं बघत. गाडीपाशी गप्पा मारत असाल."

"मारत हुतो," भाऊजी म्हणाले. त्यांनी डबा आत नेऊन ठेवला, परत आले, गाडीवर गोधडी टाकली आणि हँडब्रेक कधीच लागत नसल्यामुळं पायानं दगड सरकवत मागच्या चाकाला लावला.