लेखी द्या, मशीनला सांगतो

"आधी काय? मग काय? न्हाई झालं तर काय?" असं म्हणत उजव्या हाताची तीन बोटं एकेक करून तो तुमच्या नाकासमोर उभी करी. तिसरं बोट उभं राहीपर्यंत त्याचा गळा धरावासा वाटे. मलाही वाटे, आणि सांगतो, त्यात मजा होती.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या शेती खात्यात आम्ही कारकून. कुणाचा ऊस कधी तोडायचा, ती पाळी आम्ही लावत असू. आमच्यातल्याच या तीन बोटवाल्या गृहस्थाला मिलिटरीतल्या मेव्हण्याने कॉम्प्युटरचं एक पातळ पुस्तक आणून दिलं आणि आमच्या जेवणाच्या सुट्टीचं वाटोळं झालं. रोज एक पान वाचायचं, त्यावरून फळ्यावर प्रोग्रॅम लिहायचा आणि आम्हाला तो समजावून सांगायचा. खुद्द मशीन त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

"मशीन म्हंजे लय आज्ञाधारक आणि लय बिनडोक. जावयाच्या बरोबर उलटं."

मग स्वतःच मशीन होऊन बसे. शिपाई हातात पान धरून म्हणाला, "चुना लाव." याने टेबलाला लावला. "पानाला लाव, असं कुठं सांगितलंस रं?"

"तुझं मशीन आल्यावर आमी काय गवऱ्या थापायच्या व्हय रं?" हेडक्लार्क खवळत. एकदा कुणीतरी पुस्तकावर शाई ओतली. त्याने ते उन्हात वाळवलं आणि निळ्या बोटांनी पुढचं पान उघडलं.

अखेर त्याने तोडणीच्या पाळीचा प्रोग्रॅम लिहिला. ज्याच्या उसाची लागण आधी, त्याची तोड आधी. तो पुण्याच्या मशीनवर चालवून बघायला कारखाना एक माणूस धाडणार होता. तो माणूस आपणच असावा, यात याचा सगळा जीव अडकलेला. चेअरमन फळ्यासमोर येऊन उभे राहिले.

"आमच्या पाव्हण्यांचा ऊस कुठं हाय ह्यात?"

"लागणीच्या तारखेपरमाणं, साहेब."

"त्यांचा पयला जातो. दरवर्षी."

"मग तसा नियम लेखी द्या, सही करून. आत्ता घालतो. मशीनला डोळा मारलेला कळत न्हाई."

चेअरमनला कुणीतरी तोंडावर ऐकवलं, म्हणून आम्ही मनातून खूश. एक ओळ गुपचूप घातली असती तर गडी पुण्याच्या एसटीत बसला असता.

त्याची बदली दुष्काळी आटपाडीला झाली, ऊसतोडीच्या टोळ्या जमवायला. पुण्याला चेअरमनचा भाचा गेला.

पुढच्या उन्हाळ्यात कामानिमित्त मी आटपाडीला गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये तो घामाने निथळत बसला होता. भाच्याची हकीकत मी तिखटमीठ लावून सांगितली. मशीनची खोली सगळी एअर-कंडिशन्ड, आणि आमचे हे दिवटे तिथं खुर्चीतच झोपले. आता एक कचकचीत शिवी ऐकायला मिळणार, म्हणून मी सरसावून बसलो.

त्याने टॉवेलने मान पुसली. वर पत्रा तापून कडकडत होता.

"लय गार असतं व्हय तिथं?" त्याने विचारलं.